विहिरीचं वळण

"दीडशे सीसी पळवायला काय लागतंय गं? मूठ पिळायची आणि बसून ऱ्हायचं," रवळूअण्णा म्हणाले.

माझा धाकटा भाऊ समर्थ मोटरसायकलच्या शर्यतीत दीडशेच्या गटात तीन वर्षं पहिला येतोय. तो गट सुटला की लोक चहाला उठतात आणि चारशे सीसीच्या गाड्या निघाल्या की धावत परत येतात. अण्णांचं निपाणीत गॅरेज आहे. त्यांच्या टीममध्ये चारशेवर बसणाऱ्याची एकच जागा होती, आणि ती ते कॅम्प भागातल्या साईराजला देणार होते.

मी भौतिकशास्त्र शिकलेय. सरळ पट्ट्यावरचा वेळ इंजिनाचा, वळणातला माणसाचा, असं धरून मी दोघांचे वळणांतले सेकंद मांडले. समर्थ पुढे होता. कागद अण्णांना दाखवला.

"मग बसू दे की त्याला चारशेवर," ते म्हणाले. "साईराज बावन्न सेकंदांत फेरी मारतोय. ह्यानं तीन फेऱ्यांत एकदा तरी बावन्न गाठलं, तर जागा ह्याची. घड्याळ तूच धर."

रविवारी सकाळी, तंबाखू काढून झालेल्या रानातल्या मातीच्या ट्रॅकवर अण्णा, साईराज, समर्थ आणि मी, असे आम्ही चौघंच होतो.

पहिली फेरी पंचावन्न. दुसऱ्या फेरीत विहिरीचं वळण आलं तरी इंजिनाचा आवाज उतरेना. लहान गाडीचा गेलेला वेग लवकर परत येत नाही, म्हणून 'मूठ सोडू नकोस' हे मीच त्याच्या डोक्यात बसवलं होतं. चारशेच्या ताकदीपुढे तीच सवय उलटेल, हे माझ्या कागदावर कुठंच नव्हतं. मागचं चाक आडवं आलं आणि समर्थ धुळीत दिसेनासा झाला.

"बास कर रं!" अण्णा ओरडले.

समर्थ उठला. कोपर सोललं होतं, गाडीचं हँडल वाकलं होतं.

"एक ऱ्हायलीय," म्हणत त्यानं गाडी सुरू केली.

या वेळी वळणाआधी आवाज उतरला, क्षणभर तसाच राहिला आणि मग चढला. चाक घसरलं, पण सुटलं नाही. सरळ पट्ट्यावर मात्र वाकड्या हँडलनं गाडी डावीकडे ओढत होती. मी बटण दाबलं.

"किती?" अण्णांनी विचारलं.

आकडा फक्त मला दिसत होता. समर्थ माझ्याकडे बघत होता.

"बावन्न पूर्णांक तीन."

समर्थनं हेल्मेट काढलं. "आणि विहिरीच्या वळणात, आक्का?"

तेही मी टिपलं होतं. "साईराजपेक्षा अर्धा सेकंद कमी."

साईराजनं हँडल धरून बघितलं. "ह्याच्यावर? मला साठबी जमलं नसतं, मर्दा."

"ठरलं ते ठरलं. जागा साईराजची," अण्णा म्हणाले.

पुढच्या शर्यतीत दीडशेचा गट सुटला आणि लोक चहाला उठले. साईराज कुंपणाला टेकून समर्थच्या उजव्या मुठीकडे बघत राहिला. कुणीतरी अण्णांना चहाला हाक मारली.

"थांब रं," ते जागेवरूनच म्हणाले. "हे पळू देत आधी."