मला तुडवा हो!

दचकू नका, मी साप नाही. मी रबराची नळी बोलतेय. रस्त्यावर आडवी पडते, अंगावरून चाक गेलं की माझ्यातली हवा दबते आणि टोकाच्या डबीत गाडी मोजली जाते. तुडवून घेणं हाच माझा धंदा.

जन्म मोरोक्कोतल्या कासाब्लांकाच्या कारखान्यातला. उमेदीचे दिवस किनाऱ्याच्या हमरस्त्यावर गेले. मालट्रक धडाधड अंगावरून जायचे. माझ्या आकड्यांवर तो रस्ता रुंद झाला, मग आणखी रुंद झाला.

मग शकीबसाहेबांनी मला ॲटलासच्या डोंगरात आणलं. हे राजधानी राबातच्या कचेरीतले इंजिनिअर. कुठला रस्ता बांधणं परवडेल, ते तपासतात. गाड्या किती, त्यांचं डिझेल आणि वेळ किती वाचेल, त्यातून खर्च निघेल का? इथला रस्ता म्हणजे नुसते धोंडे. रस्ता नाही म्हणून गाड्या कमी, आणि गाड्या कमी म्हणून रस्ता नाही! माणसं खेचरावरून जातात आणि खेचराला चाकं नसतात, त्याला मी काय करू?

गावचे मुकद्दम, म्हणजे पाटीलच, बास्सूकाका. त्यांच्या सुनेचं, इत्तोचं, पहिलं मूल दवाखान्याच्या वाटेवर याच धोंड्यांत गेलं होतं. आता ती पुन्हा गरोदर होती, दिवस ऐन थंडीत भरणार होते. साहेबांना पुदिन्याचा चहा देत तिनं विचारलं, "दादा, होईल ना हो रस्ता?"

"मंजुरी आली तर बर्फाआधी निदान धोंडे तरी काढतो, ताई. सगळं या नळीवर आहे." मग साहेब काकांकडे वळले. "काका, नळीला जपा हं. हिला काही झालं तर मंजुरी विसरा."

झालं! एवढं बोलून साहेब निघून गेले.

काकांनी माझ्या दोन्ही बाजूंना दगड रचले आणि स्वतः पहाऱ्याला बसले. गावातल्या झैदची प्रवासी गाडी आली.

"काका, डोकं फिरलंय का? ओढ्यातून घालू गाडी?"

"घाल! पाहुण्याची ठेव आहे ती. तुझ्या डबड्याखाली देऊ होय?"

बाजाराच्या दिवशी तर मेंढ्यांनी भरलेले ट्रक, भाजीचे टेम्पो, सगळी वरात कोरड्या ओढ्यातून गेली. मी तळमळत पडले होते. अहो, या ना अंगावर! पण माझं ऐकतो कोण? संध्याकाळी काकांनी माझ्यावर घोंगडी पांघरली. म्हणाले, "गारठली असेल बिचारी." कपाळावर हात मारून घ्यायला मला हात नाहीत.

साहेब परतले, डबी उघडली आणि बघतच राहिले. "शून्य? काका, गाड्या बंद आहेत का?"

"बंद कशाला? एक चाक चढू दिलं नाही हिच्यावर!" काकांची छाती फुगली होती.

साहेबांनी शून्य दाखवणारी डबी काकांपुढे धरली. काकांच्या आधी इत्तोला कळलं. "मामंजी, अहो, काय करून बसलात हे!"

साहेबांनी कचेरीत फोन लावला, पुन्हा मोजू द्या म्हणून हातापाया पडले. पलीकडून आवाज आला, "मोजणीची मुदत संपली. शून्य तर शून्य. दुसरी गावं रांगेत आहेत."

काकांनी मला धुतलं, त्याच घोंगडीत गुंडाळलं आणि गाडीत ठेवलं. बर्फाआधी शहरात बहिणीकडे जाऊन राहायचं, असं इत्तोनं तिथल्या तिथे ठरवलं. साहेब म्हणाले, "माझ्या गाडीत बसा." तिनं मान हलवली. "नको दादा. मागच्या वेळी गाडीतल्या हादऱ्यांनीच..." आणि ती खेचराकडे वळली.

वाटेत आम्ही तिच्या शेजारून गेलो. ती खेचरावर पोट धरून बसली होती, काका लगाम धरून चालत होते. आणि त्यांची घोंगडी माझ्या अंगावर!

आता मी राबातच्या गोदामात पडून आहे. इत्तोचं काय झालं, मला कोण सांगणार? एकच मागणं आहे. मला परत तिथंच आडवी टाका. आणि या वेळी बास्सूकाकांना आधी नीट सांगा, काका, ही पाहुणी तुडवायची असते.