अर्धा सूर खालचा नादकाटा

मी एक जुना नादकाटा आहे. पोलादाचा, दोन पायांचा, आपटलं की एकच सूर देणारा, आणि सध्या चमच्यांच्या खणात पडलेला. मित्रांनो, हसू नका. या खणात येण्याआधी मी भलीमोठी चर्चं घुमवलेली आहेत.

माझ्या कारागिराने मला मुद्दाम आजच्यापेक्षा अर्धा सूर खाली उतरवलं. तीनशे वर्षांपूर्वीची वाद्यं तशीच लावत. पण दुकानात हे कोणाला ठाऊक? शेजारचे काटे चिडवायचे, "आला बघा सर्दीवाला!" गिऱ्हाईक मला घेऊन जाई आणि "बिघडलेला दिलात" म्हणून परत आणून टाकी.

मग उट्रेख्टच्या त्या दुकानात लीडवाय आली. तिने मला गुडघ्यावर आपटलं, कानाशी धरलं आणि ओरडलीच, "अगं बाई, हाच तो!"

लीडवाय जुनी गाणी गायची, जुन्या रीतीने. आवाज न हलवता, सरळ. तिची मावशी कपाळाला हात लावी. "गळ्यात जरा कंप आण की! हे कसलं इस्त्री केलेलं गाणं?" पण गारठलेल्या चर्चमध्ये ती सूर लावायची, तेव्हा वाटाण्याचं सूप पिऊन पेंगुळलेले म्हातारेही ताठ बसत. एकदा तर मी असा वाजलो, की घुमटातली कबुतरं अर्धा सूर खाली घुमू लागली. अजून तशीच घुमतात. खोटं वाटत असेल तर जाऊन ऐका.

तिच्या कोटाच्या खिशात, काळ्या खारट गोळ्यांना चिकटून, मी गावोगाव हिंडलो. तिचे केस पिकले, पण माझा सूर घेऊनच ती तोंड उघडी. वरचा शेवटचा स्वर आता जेमतेम पोचायचा, पण पोचायचा. गायकवृंदाच्या संचालकांचा डोळा मात्र एका तरुण गायिकेवर होता. "लीडवाय, गुड फ्रायडेला तुझं गाणं ऐकतो," ते म्हणाले, "मग पुढचं ठरवू."

ऑर्गनवर वाउटर होता, तिचा जुना मित्र. त्याच्या छोट्या ऑर्गनच्या पट्ट्या एकत्र सरकवता येतात. डावीकडे सरकवल्या की जुना सूर, उजवीकडे आजचा. दुपारी एका लग्नासाठी त्याने त्या उजवीकडे ढकलल्या, आणि विसरला.

गुड फ्रायडेला चर्च गच्च भरलं होतं. लीडवायने मला वाजवलं, ऑर्गनवर ठेवलं आणि एकटीनेच सुरुवात केली. काय लागला होता आवाज! तिसऱ्या ओळीला ऑर्गन आला, अर्धा सूर वर! ती बिचारी धडपडत वर चढली आणि त्या शेवटच्या स्वरावर आवाज फाटला.

लोक माना खाली घालून बसले. तेवढ्यात वाउटरने कोपराने हळूच पट्ट्या डावीकडे सरकवल्या. पाहिलं फक्त मी.

लोक गेल्यावर ती परत ऑर्गनपाशी आली. तिने ऑर्गनची पट्टी दाबली, मला वाजवलं. आम्ही दोघं तंतोतंत जुळलो! मित्रांनो, आयुष्यभर खरं बोललो, आणि त्या दिवशी माझ्या खरेपणानेच तिला खोटं पाडलं.

"म्हणजे माझेच कान गेले," ती म्हणाली.

"चालायचंच गं," वाउटर मफलर गुंडाळत म्हणाला, "वय कोणाला सुटलंय?"

तिने गाणं सोडलं, आणि तेव्हापासून मी इथे, चीज कापायच्या सुरीशेजारी. वाउटर अजून कॉफीला येतो, कॉफीसोबत मिळणारं एकुलतं एक बिस्किट खातो. मागे चमचा घ्यायला खण उघडला, मला पाहिलं आणि चमच्याशिवायच खण लावला. कॉफी बोटाने ढवळली असेल!

रोज सकाळी चीज कापताना लीडवाय गुणगुणते. आधाराला कोणी नाही, तरी अगदी माझ्याच सुरात. रेसभरही इकडे तिकडे नाही. मी खणात तळमळतो, 'बाई, तुझे कान शाबूत आहेत गं!' पण काट्याला आपणहून बोलता येत नाही, कोणीतरी आपटावं लागतं.

म्हणून मित्रांनो, कोणाला बेसूर म्हणण्याआधी मोठं वाद्यही तपासत जा. आणि कधी तिच्या घरी कॉफीला गेलात, तर ती गुणगुणत असताना चमचा शोधायच्या निमित्ताने खण उघडा आणि मला एकदाच गुडघ्यावर आपटा. बाकी काही सांगू नका. ती ऐकेल.