जसं आलं तसं परत

गृहस्थांनी वरचा 'साभार परत'चा छापील कागद बाजूला ठेवला, सुतळीची गाठ दातांनी सोडवली, अंगठा जिभेला लावला आणि बाडातली पानं भराभर उलटायला सुरुवात केली. ते काही वाचत नव्हते. शंभरच्या पुढं गेल्यावर त्यांचा हात मंदावला. एकशे चाळीस, एकशे एक्केचाळीस, आणि मग थांबला. पुढचं पान खाली डोकं वर पाय अशा अवस्थेत होतं. त्यांनी ते बोटानं नुसतं दाबून पाहिलं, बाड पुन्हा सारखं केलं आणि सुटकेचा एक बारीकसा श्वास सोडला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "कुठं सही करू? जरा लवकर बघा. बायको खाली बसलीय. गुडघ्यांमुळं तीन जिने चढवत नाहीत तिला."

टेबलाच्या अलीकडं वाचकबाई होत्या. प्रकाशनसंस्थेत सगळे त्यांना वाचकबाईच म्हणत. सव्वीस वर्षं त्यांचं काम एकच होतं. येईल ते हस्तलिखित पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं, त्यावर मालकांसाठी पानभर अभिप्राय लिहायचा, आणि छापायचं नसेल तर 'साभार परत'चा छापील कागद वर लावून लेखकाकडं रवाना करायचं. त्या कागदाखाली सही मालकांची असे. बाईंचं नाव कुठंच नसे. कोणतं हस्तलिखित आपल्याला कसं वाटलं हे बाहेर कुणाजवळ बोलायचं नाही, असा संस्थेचा दंडक होता. बाईंच्या घरी दुसरं कुणीच नव्हतं, त्यामुळं तो मोडायची संधीही त्यांना फारशी मिळाली नाही.

या महिन्याच्या सुरुवातीला पुस्तक-व्यवसायाच्या मासिकात बातमी आली होती. संस्था एका मोठ्या कंपनीनं घेतली. आता कागदावरची हस्तलिखितं बंद. रवाना व्हायची राहून कपाटात असतील ती लेखकांनी महिनाअखेरपर्यंत येऊन घेऊन जावीत. बातमीच्या शेवटी एका चौकटीत बाईंवर दोन ओळी होत्या. 'सव्वीस वर्षांत आलेलं एकेक पान वाचून काढणाऱ्या वाचकबाई या महिन्यात निवृत्त होत आहेत.' बाईंनी ती चौकट कात्रीनं नीट कापून पर्समध्ये ठेवली होती, आणि दिवसातून दोनदा तरी त्या ती काढून बघत.

"काय बघत होतात आत्ता?" बाईंनी विचारलं.

गृहस्थ अवघडल्यासारखे हसले. "काही नाही हो. तुम्ही लोकांनी वाचलं की नाही, ते."

"मग?"

"नाही वाचलंत." त्यांच्या आवाजात राग नव्हता. दुकानदारानं वजन बरोबर भरलं म्हणून सांगावं तसं ते सांगत होते. "मधलं एक पान उलटं ठेवून द्यायचं. वाचणारा माणूस ते सुलटं करणारच ना? तसंच्या तसं परत आलं म्हणजे कुणी उघडलंसुद्धा नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सगळीकडं हेच आहे."

"हे तुम्ही शोधून काढलंत?"

"छे! सगळेच ठेवतात. आमच्या लेखकमंडळात नवा माणूस आला की पहिलं हेच शिकवतात त्याला. लिहायचं कसं ते नंतर."

कोपऱ्यातून कुणीतरी फसकन हसलं. तिथं संगणकापुढं मांडणीकार बसला होता. आठशे पुस्तकांची पानं त्यानं लावली होती आणि त्यातलं एकही वाचलं नव्हतं. हे तो स्वतःच अभिमानानं सांगे, म्हणून सगळे त्याला अंगठेबहाद्दर म्हणत. बाईंपासून मात्र तो चार हात लांबच राही. इतकं वाचलेल्या बाईशी बोलायचं तरी काय, असं त्याला वाटत असावं. नुसतं त्यालाच नाही. सगळ्या कचेरीलाच तसं वाटे. दुपारी सगळ्यांचे डबे एका टेबलावर उघडत आणि बाईंचा त्यांच्या कपाटापाशी.

बाई हसल्या नाहीत. अंगठेबहाद्दरानं कानांवर हेडफोन चढवले आणि तो पुन्हा कामाला लागला.

संस्था ज्यांनी काढली त्या मोठ्या साहेबांनी पहिल्याच दिवशी त्यांना बजावलं होतं, "बाई, लेखकाचं बाड म्हणजे दुसऱ्याच्या घरची ठेव. जसं आलं तसं परत गेलं पाहिजे. सुतळीसुद्धा बदलायची नाही." मोठे साहेब जाऊन पंधरा वर्षं झाली, पण बाईंनी तो शब्द मोडला नाही. पानात वाळलेलं फूल निघालं तर त्याच पानात ठेवलं. कोपरा दुमडलेला असेल तर वाचताना उघडला आणि पुन्हा दुमडला. आणि उलटं पान दिसलं की ते फिरवून वाचलं आणि फिरवून, होतं तसं, परत ठेवलं. अशी पानं पुष्कळ यायची. लिहिणारी माणसं वेंधळीच असतात, असं म्हणून त्या मनाशी हसत.

म्हणजे ती सगळी माणसं.

ती शाळामास्तरीण, जिनं आपल्या आंधळ्या सासऱ्यावर लिहिलं होतं. तो तुरुंगाचा पहारेकरी. एका सर्जननं तर अकरा वर्षांपूर्वी बाड परत मिळाल्यावर पोस्टकार्ड पाठवलं होतं, 'आपल्या वाचनाला सलाम.' अख्ख्या नोकरीत बाईंना आलेलं कौतुकाचं पत्र ते एकच. ते त्यांनी खणात अगदी वर ठेवलं होतं. खणाकडं त्यांचं लक्ष गेलं, आणि सर्जनला काय म्हणायचं होतं ते आत्ता, अकरा वर्षांनी, त्यांना कळलं. कान तापले. कुणीतरी चारचौघांत तोंडात मारावी तसं झालं त्यांना.

"मी वाचलंय," त्या म्हणाल्या. "पान मी मुद्दाम होतं तसं ठेवलं."

"बरं, बरं," गृहस्थ समजूत काढल्यासारखे म्हणाले आणि सुतळी गुंडाळू लागले.

"धाकटा थोरल्याचे केस विंचरतो."

गृहस्थांचा हात जागीच थांबला.

"एकशे बेचाळीसवर," बाई म्हणाल्या. "चौदा वर्षं दोघा भावांचा अबोला. एकच घर, एकच शेगडी, पाळीपाळीनं रांधतात. थोरला तापातून उठलाय, हात वर जात नाहीत. धाकटा चकार शब्द न बोलता फणी घेतो आणि भांग पाडतो, तो चुकीच्या बाजूला. थोरला आरशात बघतो. आणि राहू देतो तसाच. पुढं तुम्ही त्याबद्दल काही बोलत नाही. एकदम एकशे ऐंशीवर न्हावी विचारतो, भांग इकडं कसा? तर थोरला म्हणतो, असू दे, सवय झाली."

गृहस्थ खुर्चीवर बसले. बसले म्हणजे टेकले.

"न्हाव्याचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं," ते हळूच म्हणाले. "घरी सगळ्यांना वाचून दाखवलं मी. जावई तर झोपलाच."

"माझ्या आलं. मी त्या दिवशी डबासुद्धा उघडला नाही."

बाईंना आता थांबवेना. सव्वीस वर्षांत लिहिणाऱ्या माणसाच्या पुढ्यात बसून त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. शेगडी कोण घासायचं यावरून भिंतीवर खडूनं लिहिलेले निरोप, धाकट्याची एकच चांगली चादर, चूक मजल्यावर उतरणारा पाहुणा. "तो तुम्हाला लिफ्टमध्ये भेटला असणार," त्या म्हणाल्या, कारण गृहस्थांनी सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की त्यांनी एका सरकारी इमारतीत चौतीस वर्षं लिफ्ट चालवली. गृहस्थ मान डोलवत होते. एकदा तर दोघंही एकदमच हसले. बाईंना इतकं बरं वाटत होतं की समोरच्या माणसाचं हसू कधी मावळलं, ते त्यांना दिसलं नाही.

"बाई," ते मध्येच म्हणाले. "अभिप्राय कुणी लिहिला होता?"

"मीच."

"आणि परत करायचं, ते?"

बाईंनी टेबलावरची नोंदवही उगाच सरळ केली.

"तेही मीच," त्या म्हणाल्या.

"म्हणजे वाचून परत केलंत."

आतल्या खोलीत कंपनीची माणसं कपाटांवर चिठ्ठ्या डकवत होती. चिकटपट्टी फाडल्याचा आवाज येत होता.

"दोनशेच्या पुढं तुमचा हात सुटला हो," बाई म्हणाल्या. त्यांना ते सांगणं जिवावर आलं होतं. "तिथून भाऊ बोलायला लागतात आणि मग थांबतच नाहीत. नव्वद पानं नुसती भाषणं. मला वाटलं होतं लिहावं तुम्हाला. पण त्या छापील कागदावर लिहायला जागाच नसते."

गृहस्थांनी सावकाश मान हलवली. हे ऐकून ते भांडले असते तर बाईंना सोपं गेलं असतं.

"याआधी दोन ठिकाणांहून परत आलं," ते म्हणाले. "दोन्ही वेळा पान तसंच. मी घरी सांगितलं, वाचतच नाहीत, तर आपण काय करणार? बायकोनं ते धरून ठेवलंय. जावई काही बोलला की तीच त्याला सुनावते. वाचलं असतं तर डोक्यावर घेतलं असतं म्हणते." ते थोडं थांबले. "मलाही तसंच वाटायला लागलं होतं. रात्री झोप लागायची त्यावर."

आपलं नाव राखायला आपण या माणसाकडून काय काढून घेतलं, ते बाईंना आता लख्ख दिसत होतं.

जिन्यात काठीचा आवाज आला. एक पायरी, मग दम घेणं, मग दुसरी. दारात एक ठेंगणी, घामाघूम झालेली बाई उभी राहिली.

"किती वेळ हो! बसून बसून पायाला मुंग्या आल्या माझ्या." तिची नजर बाडाकडं गेली. "बघितलंत का पान?"

"बघितलं."

"तसंच आहे?"

"आहे तसंच आहे."

"मग तोंड का उतरलंय तुमचं?"

सुतळीचं टोक गृहस्थ बोटाभोवती गुंडाळत होते आणि सोडत होते. तशी तिनं मोर्चा बाईंकडं वळवला.

"तुम्हीच का त्या? मासिकातल्या? एकेक पान वाचणाऱ्या?"

"हो."

"मग सांगा ना मला. यांचं वाचलंत का?"

तिच्या आवाजानं अंगठेबहाद्दरानं हेडफोन काढून मान वर केली होती. आतल्या खोलीच्या दारात कंपनीचा माणूस हातात चिठ्ठ्या घेऊन उभा होता. बाईंनी गृहस्थांकडं पाहिलं. ते खाली फरशीकडं बघत होते. काही मागत नव्हते.

"नाही," बाई म्हणाल्या. "वाचायचं राहूनच गेलं."

"राहून गेलं!" तिनं काठी आपटली. "आठ महिने ठेवून घेतलंत, आणि राहून गेलं? सात वर्षं लिहीत होता हा माणूस. लिफ्टमधल्या स्टुलावर बसून, दोन मजल्यांच्या मध्ये एकेक ओळ. आणि तुम्हाला नुसतं उघडून बघायला सवड झाली नाही? वर मासिकात छापून आणता! लाज कशी वाटत नाही?"

"वाटते," बाई म्हणाल्या.

ती आणखी बोलली. बाई हात मांडीवर ठेवून ऐकत राहिल्या. शेवटी तिचाच आवाज बसला, डोळे पुसून तिनं पदर खोचला आणि नवऱ्याच्या कोपराला धरून त्याला उठवलं.

"चला हो. तुमच्यात काही कमी नव्हतं. मी पहिल्यापासून सांगतेय."

गृहस्थांनी बाड छातीशी धरलं. दारातून बाहेर पडताना त्यांनी मागं वळून बघितलं, पण बाई तेव्हा नोंदवही पुढं ओढून पान शोधत होत्या. सही घ्यायची राहिली होती. ती त्यांनी मागितली नाही.

जिना उतरताना तिची बडबड वर ऐकू येत होती. आता तिच्यात नुसता राग नव्हता, उमेद होती. दुसरीकडं द्यायचं, चौथ्या ठिकाणी द्यायचं, कुणीतरी वाचणारा भेटेलच की. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर काठी थांबली. गुडघे असणार.

अंगठेबहाद्दर उठला. त्यानं थर्मासमधून दोन कप चहा ओतला, पायानंच एक स्टूल सरकवत आणलं आणि बाईंच्या शेजारी बसला. सव्वीस वर्षांत तो पहिल्यांदाच तिथं बसत होता.

"घ्या," तो म्हणाला. "मनावर घेऊ नका. एवढी वर्षं मला तुमची भीतीच वाटायची, खरं सांगतो. आणि तुम्ही तर आमच्यातल्याच निघालात."

बाईंनी कप घेतला. चहा गोड होता आणि शेजारी माणूस होता, आणि आपण त्याच्याजवळ आता कधीच काही बोलू शकणार नाही, हे त्यांना कळत होतं.

"आता जाताजाता सांगूनच टाका," तो पुढं झुकला. "खरंच किती वाचली असतील हो? निम्मी तरी?"

दार सताड उघडं होतं. खाली वळणावरची बडबड थांबली होती आणि काठी अजून हलली नव्हती.

"निम्मी कुठली," बाई जरा मोठ्यानंच म्हणाल्या. "पहिली दोन-चार पानं बघायची, आणि बांधून ठेवून द्यायचं."