एकशे वीस, ऐंशी

रबराचा फुगा अजून तिच्या मुठीत होता, कोमट, आणि शिंपीकाकांच्या दंडावरचा पट्टा हवा सोडून ढिला पडला होता — तरी स्टेथोस्कोपमधून कानात काहीच आलं नव्हतं, ना ठकठक ना धडधड, नुसती शांतता... आणि तोंडातून निघून गेलं होतं, "एकशे वीस, ऐंशी."

पुस्तकातला, निरोगी माणसाच्या बीपीचा आकडा. डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला आणखी येतं काय?

"अरे वा!" टेबलापलीकडून डॉक्टरबाई म्हणाल्या. "मागच्या खेपेला एकशे साठ होतं, काका. एक गोळी बंद करू या?"

"करा की. पोरीचा हातगुण चांगला दिसतोय. कापडाला हात लावावा तसा अलगद दंड धरला हिने."

दर गुरुवारी या दवाखान्यात यायचं, खरी माणसं बघायची, असं कॉलेजनं ठरवलेलं. त्याआधी सहा महिने गाठ होती ती टेबलावरच्या प्रेताशी — ते बिचारं कधी विचारत नाही, किती आलं गं? त्याला थाप मारता येत नाही... आणि हा माणूस, जन्मभर इंचा-इंचाची मापं घेतलेला, माझ्या मापावर बाही खाली करून निघालाय — बोलले तर माझी लाज जाईल, नाही बोलले तर याची गोळी — डॉक्टरबाईंचं पेन कागदाला टेकलं —

"मॅडम, मला ऐकूच आलं नाही. आकडा मी... ठोकून दिला."

पंखा फिरत राहिला. डॉक्टरबाईंनी पेन ठेवलं, तिच्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपची चकती बोटानं वाजवून पाहिली, मग दुसऱ्या बाजूला फिरवली. खट्.

"उलटी होती. आवाज येणार कुठून?" मग हळूच, "मीही ठोकला होता एकदा. बोलले नव्हते."

पुढे त्या पेशंटचं काय झालं... तिला विचारवलं नाही.

काकांनी बाही पुन्हा वर सारली. "घे. उसवून शिवायची सवय आहे आम्हाला."

फुगा दाबला. पट्टा आवळला, सैल झाला, आणि — ठक. ठक. दारावर कुणीतरी यावं तसं.

"एकशे अठ्ठावन्न! खाली शहाण्णव!"

"वाईट बातमी अशी हसत देतात होय गं?"

ती खरंच हसत होती, थांबवता येत नव्हतं. पट्ट्यातली हवा संपली, ठकठक विरली, पुन्हा शांतता — मघाचीच, पण आता ती नळ्या कानातून न काढता तशीच बसून राहिली, ऐकत.