झुकते माप

मित्रांनो, माझ्यात गंजके खिळे दिसतात म्हणून मला डबा समजू नका. मी एक जुने पत्र्याचे माप आहे. एका कारागिराने मला ठोकून घडवले, मूठ झाळून बसवली आणि डुकरांच्या शेडमध्ये माझी नेमणूक झाली.

तिथे कामाला असलेल्या मावशी डुकरांना धान्याचा भरडा घालत. मला भरायचे, वरून लाकडी पट्टी फिरवायची आणि शीग खाली पाडायची, ही त्यांची पद्धत. पहिल्याच वर्षी हातातून पडून माझ्या पोटाला पोचा आला. तेव्हापासून सगळ्यांनाच चिमूटभर कमी मिळाले, पण मिळाले सारखेच.

एका वेताच्या दोन बहिणी होत्या, ढबी आणि काटकी. दोघींना दोन-दोन मापे भरडा. तरी ढबी फुगू लागली. जनावरांच्या डॉक्टरबाई पाठीला यंत्र लावून चरबीचा थर मोजत. ढबीचा थर काटकीच्या जवळजवळ दुप्पट निघाला.

शेडच्या साहेबांनी मावशींना बोलावले. मावशी रोज ढबीचे कान खाजवतात, हे त्यांनी पाहिले होते.

"तुमचं तिला झुकतं माप आहे," ते म्हणाले.

"लाड कानामागे करते साहेब, मापात नाही," मावशी म्हणाल्या.

साहेबांना ते पटले नाही. त्यांनी मावशींच्या हातातून मला काढून घेतले आणि त्यांना पाण्याची नळी देऊन फरशी धुवायला लावले. मला फार वाईट वाटले. माझेच नाव घेऊन त्यांना दोष दिला होता आणि एवढे मोठे तोंड असून मला बोलता येत नव्हते.

दोन महिने साहेबांनी स्वतः भरडा घातला. पट्टी मावशींपेक्षा कडक फिरवली. ढबी आपली फुगतच राहिली!

मग डॉक्टरबाईंनी दोघींचे केस मुळासकट काढून तपासायला पाठवले. शरीर कसे घडावे याची माहिती जनुकांत अक्षरांसारखी लिहिलेली असते. चरबी साठवण्याशी संबंध असलेल्या काही जनुकांत दोघींची अक्षरे वेगळी निघाली. आईबाप तेच, पण प्रत्येकीच्या वाट्याला आले निराळे.

"एवढ्यानंच सगळं ठरत नाही, पण फरक पडतो," डॉक्टरबाई साहेबांना म्हणाल्या. "ही वाटणी मावशींनी नाही केली. ती जन्माआधीच झाली होती."

साहेब मला घेऊन मावशींकडे गेले. त्यांनी नळी स्वतःच्या हातात घेतली आणि म्हणाले, "चुकलं माझं."

मावशींनी मला हातात घेतले. त्यांनी मला भरले, नेहमीसारखी पट्टी फिरवली आणि ढबीपुढे रिकामे केले. मग साहेबांच्या देखत तिचे कान चांगले खाजवले.

पुढे खाद्य सोडणारे यंत्र आले आणि मी खिळ्यांच्या वाट्याला आले. ती पट्टी अजून माझ्यातच आहे. कचरा समजून ती फेकू नका.

आणि मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणी अंगाने भरलेले असेल, तर "किती खातोस रे?" असे विचारण्याआधी ढबीला आठवा. तिलाही माझ्यातून चिमूटभर कमीच मिळाले होते.