शिक्कामोर्तबानंतर आलेला आकडा

मी बोलतोय खरा, पण मला शोधू नका; कॉम्प्युटर फोडलात तरी सापडायचा नाही. मी प्रोग्रॅममधला एक बिल्डर. इमारती बांधणारा नव्हे हो, एवढं कुठलं माझं नशीब! मी प्रवाह बांधतो. येईल तो आकडा एकेक करून पोटात घ्यायचा आणि 'बांध' असा हुकूम आला, की सगळे ओळीने सोडून द्यायचे. शिक्कामोर्तब! त्यानंतर कुणी आलं, तर त्याला घेता येत नाही. फक्त ओरडता येतं, म्हणजे एरर देता येते.

माझा कोड एका मुलीने लिहिला, या हॉस्पिटलसाठी. रुग्णांच्या रक्तात ऑक्सिजन किती, ते खाटांशेजारची यंत्रं मला सांगतात आणि माझा प्रवाह सिस्टरांच्या स्क्रीनवर जातो. त्यात एखादा आकडा घसरलेला दिसला, की स्क्रीन लाल होते, नाहीतर हिरवी. आकड्यांच्या दर फेरीला नवा मी जन्मतो; आधीचे सगळे माझे भाऊच.

त्यातला एक भाऊ नेमका तिच्या साहेबांसमोर ओरडला. मुलीची अशी पंचाईत झाली! "थांब, तुझं तोंडच बंद करते," म्हणाली, आणि आमची ओरड गुपचूप गिळणारा कोड तिने घातला. नीट दुरुस्ती नंतर करणार होती. ते नंतर राहूनच गेलं.

आज कोपऱ्यातल्या खाटेवर तिचेच वडील आहेत. तिथलं यंत्र जरा मंद. सगळे आकडे आले, हुकूम झाला, मी प्रवाह सोडला, आणि मग त्यांचा आकडा आला. घसरलेला. जिवाच्या आकांताने ओरडलो हो मी! कुणाला ऐकू जाणार?

"अगं, धाप लागतेय," वडील म्हणाले.

"बाबा, स्क्रीन हिरवी आहे. उगाच घाबरू नका."

"स्क्रीनला काय... विचारतेस? मला... विचार ना!"

तेव्हा कुठे तिने मान वळवली. बाबांचे ओठ निळे पडले होते.

"सिस्टर! लवकर या हो!"

सिस्टर धावत आल्या, मास्क लावला. हळूहळू ओठांवर रंग आला. मुलगी त्यांच्या पायाशी बसून रडतेय. "मीच त्याचं तोंड बंद केलं," एवढंच पुटपुटतेय.

माझी फेरी संपली, आता मला पुसतील. पुढचा भाऊ जन्मलाय, तोंड बांधूनच. बाई गं, रड, पण डोळे पुसलेस की आधी ते तोंड सोड. बाकीच्या खाटांशेजारी मान वळवून बघायला कुणी बसलेलं नाही.