कुजबुजीचे पाच महिने

परीक्षा संपताच पडद्यावर आकडा आला तेव्हा मी आधी वर लिहिलेलं नाव वाचलं. न जाणो, दुसऱ्या कुणाचा असेल. नाव माझंच होतं आणि आकडा तीनशे तीन.

गेल्या वर्षी तीनशे सहा आले होते. तेव्हा धड अभ्यास नव्हता. लेक तापाने फणफणलेली, माझ्या खांद्यावर तिच्या उलटीचा डाग, तो झाकायला भर उन्हात स्वेटर घातलेला. प्रवेशाला तीनशे दहा लागतात. "चारच तर कमी पडलेत, परत बस," असं सगळे म्हणाले. मी परत बसले. पाच महिने अभ्यास केला आणि होते त्यातले तीन घालवून आले.

परीक्षा केंद्राच्या बाहेर नवरा लेकीला खांद्यावर घेऊन उभा होता.

"काय गं?"

"आठ-दहा दिवसांत कळेल."

निकालाचा कागद आठ-दहा दिवसांनीच येतो, त्यामुळे हे अगदीच खोटं नव्हतं. आकडा मात्र लगेच दिसतो. हे मी त्याला गेल्या वर्षी सांगितलं होतं. तो विसरला असावा, किंवा विसरल्यासारखं केलं असावं. पुढचं काही न विचारता त्याने लेकीला माझ्याकडे दिलं. तिने माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "झाला अभ्यास?"

"झाला, राणी."

मी कानाच्या दवाखान्यात मदतनीस आहे. बूथ म्हणतो आम्ही, त्या आवाजबंद खोलीत माणसाला बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, हातात बटण द्यायचं. बारीक आवाज सोडत जायचा, तो ऐकू आला की माणसाने बटण दाबायचं. सात वर्षं हे करतेय. आलेख बघून कुणाला काय होतंय ते मी आमच्या तज्ज्ञ मॅडमच्या आधी सांगू शकते. पण खाली सही मॅडमचीच लागते. माझी सही चालायची तर दोन वर्षांची पदवी हवी, आणि त्या पदवीच्या दारात ही परीक्षा बसलेली. फॉर्म भरायची मुदत पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती; निकालाचा कागद मागून जोडला तरी चालायचा.

त्या पाच महिन्यांबद्दल सांगायचं तर आधी सासूबाईंचा आवाज सांगायला हवा. त्या शाळेत खेळाच्या बाई होत्या. तीस वर्षं मैदानाच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या मुलींना पळवत होत्या. फोनवर बोलायला लागल्या की नवरा म्हणायचा, "आई, फोन ठेवून दे, मावशीला तसंच ऐकू जाईल." लेक जन्मल्यावर पहिल्यांदा रडली तेव्हा खूष होऊन त्यांनीच तिचं नाव टिटवी ठेवलं. "आमच्या घराण्याचा गळा आहे," म्हणाल्या.

मी परत बसायचं ठरवलं त्याच दिवशी त्यांनी घराचा ताबा घेतला. दाराच्या घंटीत कापूस कोंबला. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे चढवले. रेडिओ कपाटात गेला. टिटवीने भांडं आपटलं की त्या धावत जाऊन हातातून काढून घ्यायच्या आणि ओठांवर बोट ठेवायच्या. "शू! आई अभ्यास करतेय ना?" स्वतःही कुजबुजायच्या. तो एवढा मोठा गळा आवळून, शिरा ताणून कुजबुजायच्या. मला बरं वाटायचं. इतकं माझ्यासाठी कुणी कधी केलं नव्हतं.

परीक्षेनंतर सासूबाई रोज विचारायच्या. सकाळी चहा देताना, मी कामावरून आल्यावर, भांडी लावताना.

"आला का?" सवयीने अजून कुजबुजतच.

"नाही अजून."

"येईल. काळजी करू नकोस."

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी टिटवीला आणायला गेले तर बालवाडीच्या ताईंनी मला बाजूला घेतलं.

"तुम्ही कानाच्याच दवाखान्यात असता ना? म्हणून सांगायला अवघडल्यासारखं होतंय. हिचे कान एकदा बघून घ्या."

"का हो?"

"मोठ्यानं बोलतच नाही ती. बाकीची पोरं नुसता बाजार मांडतात. हिला काही हवं असलं की माझ्या कानाशी येते. आज सकाळी दारात बोट चेमटलं तिचं. रडली, पण आवाज नाही. नुसतं तोंड उघडं."

मी टिटवीचं बोट हातात घेतलं. नखाखाली निळं झालं होतं. सात वर्षं मी लोकांच्या मुलांचे कान तपासतेय, आणि माझी पावणेतीन वर्षांची मुलगी बोलते कशी, हे मला ताईंनी सांगावं लागलं. वाक्यं बोलायला ती याच पाच महिन्यांत शिकली होती. जेवताना, आंघोळीला, माझ्या कुशीत, सगळी वाक्यं माझ्या कानाशी. मला वाटायचं, लाडात येते.

गुरुवारी तिला दवाखान्यात नेलं.

"आपल्या मुलाची तपासणी आपण करायची नसते," मॅडम म्हणाल्या. "मी करते. तू आत बस तिच्याजवळ."

बूथचं जाड दार लागलं. बाहेरचं सगळं पुसलं गेलं, आणि मला परीक्षेचा हॉल आठवला. तिथेही असे हेडफोन दिले होते, आवाज अडवणारे. ते लावले आणि इतकी शांतता झाली की त्या शांततेत टिटवी रडायला लागली. ती तिथे नव्हती, हे मला कळत होतं. घरी अभ्यासाला बसले की दाराबाहेर कुणी हळूच सरकलं तरी मला चाहूल लागायची. तिथे काहीच नव्हतं, म्हणून मी ऐकतच बसले. दोनदा हेडफोन काढून दाराकडे बघितलं. बूथमध्ये असे लोक येतात. आवाज सोडलेला नसतो तरी बटण दाबतात. विचारलं तर म्हणतात, आला ना आत्ता.

मॅडमनी काचेपलीकडून खूण केली. लहान मुलांना आम्ही बटण देत नाही. लाकडी ठोकळे देतो आणि पुढे पत्र्याची बादली. आवाज आला की ठोकळा बादलीत धाडकन टाकायचा. बादली मुद्दाम पत्र्याची आहे, पोरांना तो दणका आवडतो.

"आवाज आला की टाकायचा हं, धाडकन!" मी टिटवीला सांगितलं.

पहिला आवाज सुटला. तिने मान वर केली. म्हणजे ऐकू आला होता. ती वाकली, कोपरापर्यंत हात बादलीत घातला, ठोकळा तळाशी अलगद टेकवला आणि हात बाहेर काढला. मग माझ्याकडे बघितलं.

मॅडम आवाज कमी करत गेल्या. मोठ्यांनाही सुटतो असा शेवटचा, मुंगीच्या पावलाएवढा आवाजही तिने टिपला. चौदा ठोकळे. पत्र्याला एकदाही खळ्ळ झालं नाही.

मॅडम आत आल्या. "कान तुझ्यामाझ्यापेक्षा चांगले आहेत." मग बादलीत बघून म्हणाल्या, "घरी कुणी आजारी आहे का गं?"

"नाही."

मी टिटवीला जवळ घेतलं. "टाकत का नव्हतीस गं? मज्जा येते टाकायला."

तिने माझ्या कानाशी तोंड आणलं. "तुझा अभ्यास."

घरी आलो तर सासूबाई दारातच उभ्या.

"काय म्हणाल्या?"

"कान उत्तम आहेत."

"मग पोरगी बोलत का नाही?"

"आपण तरी कुठे बोलतो, आई?"

त्या मोजे घातलेल्या खुर्चीवर बसल्या. टिटवी आतल्या खोलीत खेळायला गेली. आता नाही सांगितलं तर उद्या फॉर्मच्या वेळी अजून एक थाप मारावी लागेल, हे मला दिसत होतं.

"आई, आकडा त्याच दिवशी कळला होता. तीनशे तीन."

"म्हणजे वाढले ना?"

"कमी झाले. तीनने. यंदा फॉर्म भरून उपयोग नाही."

"पाच दिवस," त्या कुजबुजल्या, "पाच दिवस मी दिवसातून चारदा विचारतेय, आणि तू माझ्या तोंडावर..."

"मोठ्यानं बोला ना, आई. रागवायचं तर नीट रागवा."

त्यांनी तोंड उघडलं. आधी नुसती घरघर झाली. गळाच लागेना. त्या खाकरल्या आणि मग पाच महिन्यांचं सगळं एकदम बाहेर आलं.

"खोटं बोललीस तू माझ्याशी!"

काचा हादरल्या. मी रडत होते, आणि बरंही वाटत होतं. "तिथे हॉलमध्ये इतकी शांतता होती, आई, की मला टिटवी रडतेय असंच वाटत राहिलं."

"म्हणजे आमचंच चुकलं?"

"नाही."

"मग कुणाचं?"

तेवढ्यात टिटवी दारात येऊन उभी राहिली. पांढरीफटक. तिने ओठांवर बोट ठेवलं. तेच निळं बोट. आजीकडे बघितलं आणि दुसऱ्या हाताने माझ्याकडे खूण केली.

"शू, आजी."

सासूबाईंचा तेव्हाचा चेहरा मला पुन्हा कधी बघायला लागू नये. त्या उठल्या, खुर्ची आडवी केली आणि एकेका पायाचा मोजा ओढून काढायला लागल्या. एक निघेना, तर कात्रीने कापला.

"पुन्हा बसणार असशील तर बस," माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "पोरीला मी सांभाळीन. पण आता कुजबुजणार नाही मी. तुझं तू बघ."

"ठरवलं नाही अजून."

"मग ठरव. आणि घंटीतला कापूस काढ आधी."

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो बूट सोडत होता. "मला कळलं होतं," म्हणाला. "तू बाहेर येताना टिटवीकडे बघितलंस, माझ्याकडे नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो."

शुक्रवारी मी लवकर सुटले. सासूबाईंनी कपाटातून शिट्टी शोधून काढली होती. टिटवीला घेऊन आम्ही दोघी त्यांच्या जुन्या शाळेच्या मैदानावर गेलो. त्या सरळ पलीकडच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या.

"टिटवे! मला हाक मार! तिथूनच!"

टिटवीने माझा हात ओढला. मी वाकले. "आजी," ती माझ्या कानात म्हणाली.

"मला नाही, तिला सांग. तिला ऐकू जायला हवं."

ती दोन पावलं पुढे गेली, थांबली. सासूबाईंनी शिट्टी फुंकली. शाळेच्या घड्याळात पाच वाजून गेले होते. मी ते बघितलं आणि पुन्हा लेकीकडे बघितलं.

"आजी," ती म्हणाली. बोलल्यासारखं, जेमतेम.

"ऐकू नाही आलं!" पलीकडून आरोळी आली.

टिटवीने छाती भरून श्वास घेतला. आणि ओरडायच्या आधी वळून माझ्याकडे बघितलं, माझ्या हातात पुस्तक आहे का ते. मी दोन्ही तळवे उघडून तिला दाखवले.